किटच्या भागांवरचा क्रोम उतरवताना: चंदेरी गेलं म्हणजे काम झालं असं नाही

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून गाडी किंवा विमान बनवायच्या मॉडेल किटचे क्रोम केलेले भाग ब्लीचमध्ये टाकले, दहा मिनिटांत चंदेरी रंग गेला, धुतले, वाळवले, रंग मारला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर रंगाला सुरकुत्या. हीच तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकतो. मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्टीला इंदूरला आला होता, त्याच्याही बाबतीत हेच झालं. १/२४ मापाच्या गाडीचा पुढचा बम्पर हातात धरून तो म्हणाला, "मामा, क्रोम तर पूर्ण गेला होता. मग बिघडलं कुठे?" मी बम्परच्या आतल्या कोपऱ्यात दातकोरणी घासली. कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पातळ, किंचित पिवळसर पापुद्रा रंगासकट उचलला गेला.

तो पापुद्रा वार्निशचा होता. सगळी गडबड त्यानेच केली होती आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. चंदेरी रंग उतरवणं या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे.

सुरुवातीला: तुम्ही नेमकं काय उतरवताय

किटच्या भागांवर असतो त्याला आपण क्रोम म्हणतो, पण त्यात क्रोमियम नसतं. प्लास्टिकवर आधी चकचकीत वार्निशचा हात देतात. मग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती त्या वार्निशवर बसवतात. हा धातूचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. बऱ्याचदा त्याच्यावर संरक्षणासाठी आणखी एक पारदर्शक थर देतात. सोनेरी किंवा लालसर भागांत तो वरचा थरच रंगीत असतो, खाली ॲल्युमिनियमच.

म्हणजे थर दोन किंवा तीन, आणि प्रत्येकाला वेगळं औषध लागतं. ब्लीच आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातात, वार्निशला फारसं काही करत नाहीत. अल्कोहोल वार्निश मऊ करतं, ॲल्युमिनियमला हात लावत नाही. एकाच बाटलीत सगळं उतरेल अशी अपेक्षा ठेवली की इथेच फसगत होते.

१. कोणते भाग उतरवायचे ते आधी ठरवा

सगळी चंदेरी फ्रेम, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती, उचलून ब्लीचमध्ये बुडवू नका. हेडलाइटच्या आतल्या वाट्या आहेत तशाच राहू द्या. तिथे कारखान्याचा चकचकाट शोभतो आणि ब्रशने तो परत आणता येत नाही. आरशाची काचेची बाजूही तशीच ठेवा.

उतरवायचे ते असे: ज्या बम्परवर साच्याची रेघ मधोमध गेली आहे, ज्या ग्रिलच्या बारीक जाळीत मुलामा भरून जाळी बुजली आहे, ज्या चाकांवर फ्रेमपासून कापल्याचा पांढरा डाग अगदी समोर येणार आहे, आणि जे दोन अर्धे भाग चिकटवून एक करायचे आहेत. किटचा सिमेंट गोंद प्लास्टिकला वितळवून जोडतो. मध्ये मुलामा असला तर तो जोड धरत नाही. फक्त जोडाची कडच मोकळी करायची असेल तर धारदार ब्लेडने तेवढी कड खरवडली तरी पुरे, भाग बुडवायची गरज नाही.

२. प्लास्टिक ओळखा

फ्रेमवर बारीक अक्षरांत प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. ते भिंगाने बघा. गाड्या, विमानं, टँक यांच्या किटमध्ये बहुतेक वेळा पीएस, म्हणजे पॉलिस्टायरिन असतं. रोबोंच्या किटमध्ये काही फ्रेम एबीएसच्या असतात. दोन्हींना ब्लीच आणि सौम्य कॉस्टिक चालतं. एबीएसचे खटक्याने बसणारे भाग मात्र अल्कोहोलमध्ये बुडवण्यापूर्वी सुटे करा. ताण पडलेल्या अवस्थेत अल्कोहोल लागलं तर ते सांध्यावर तडकतात.

तीन गोष्टी या कामातून बाहेर ठेवा. पहिली, पारदर्शक भाग, कारण अल्कोहोलने त्यांच्यात बारीक तडे जाऊ शकतात. दुसरी, धातूचे आस, स्क्रू, स्प्रिंगा आणि रबरी टायर. तिसरी, खेळण्यातल्या धातूच्या गाड्यांची बॉडी, कारण ती जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि कॉस्टिक जस्तही खातो.

इशारा: मोटरसायकल किंवा कारच्या खऱ्या प्लास्टिकच्या भागांवरचा क्रोम या पद्धतीने उतरत नाही. तिथे तांबं, निकेल आणि वर खरं क्रोमियम असे जाड थर विजेच्या साहाय्याने चढवलेले असतात. ब्लीचमध्ये आठवडाभर ठेवलं तरी उपयोग नाही, आणि ते काम घरी करायचंही नाही.

३. सामान

*ब्लीच.* किराणा दुकानात कपड्यांसाठी मिळतं तेच, रिन आला किंवा तसलं कुठलंही. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं हवं आणि तारीख ताजी हवी. ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने मरतं. एप्रिल-मे महिन्यात दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका. "ब्लीचने काहीच होत नाही" म्हणणाऱ्यांच्या हातात बऱ्याचदा असली जुनी बाटली असते. रंगीत कपड्यांसाठीचं ब्लीच वेगळं असतं, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते इथे नको. घट्ट जेलसारखं, वासाचं किंवा साबण घातलेलंही नको.

*आयसोप्रोपाइल अल्कोहोल.* औषधांच्या आणि प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. आमच्याकडे दवा बाजारात विचारा, किंवा मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे जा. पूर्ण नाव घेऊन मागा. ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. हाताला लावायच्या सॅनिटायझरने काम होत नाही. त्यातली ग्लिसरीन भागांवर राहते आणि पुढे रंग धरू देत नाही.

*डबे.* झाकणाचे, प्लास्टिकचे, तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असलेले. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटल्या (आकडा १) कापून वापरू नका, कॉस्टिक त्यांना हळूहळू खातो. ॲल्युमिनियमचं भांडं तर चुकूनही नको. भागांवरचा थर इतका पातळ असतो की त्यातून निघणारा हायड्रोजन नगण्य, पण कॉस्टिक ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ओतला तर ते फसफसतं, तापतं आणि उकळून अंगावर येतं.

बाकी नायट्राइलचे हातमोजे, बाजूंनी बंद असलेला चष्मा, मऊ जुना टूथब्रश, लाकडी दातकोरण्या, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, प्लास्टिकची चहाची गाळणी, भांडी घासायचा द्रव साबण आणि एक वही.

काय आणायचं नाही तेही सांगतो. रंगाच्या दुकानातला एनसी थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल. शाळेत असताना मी चार चाकं थिनरमध्ये टाकली होती. दोन मिनिटांनी चिमट्याने उचलायला गेलो तर चिमट्याला पांढरा चिकट धागा आला. आऱ्यांची नक्षी सगळी वितळून एकमेकांत मिसळली होती. ती चाकं परत मिळाली नाहीत. थिनर वार्निशबरोबर पॉलिस्टायरिनही विरघळवतो आणि मध्ये थांबायची संधी देत नाही.

४. जागा आणि पाणी

गच्चीवर, गॅलरीत किंवा अंगणात सावलीत बसा. बाथरूममध्ये अजिबात नको, आणि याचं कारण नीट वाचा. आपल्याकडे बाथरूम-संडास अनेकदा ॲसिडने धुतात. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीतही बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. फरशीवर किंवा मोरीत त्याचे थेंब राहिलेले असले आणि त्यावर ब्लीच सांडलं, तर क्लोरीन वायू तयार होतो. लहान बंद जागेत तो छातीत भरतो.

इशारा: ब्लीचमध्ये कधीही काही मिसळायचं नाही. ॲसिड नाही, व्हिनेगर नाही, लिंबू नाही, अमोनियाचं काच पुसायचं द्रव नाही, अल्कोहोलही नाही. "थोडं व्हिनेगर घातलं की लवकर उतरतं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

पाणी आधी भरून ठेवा. आमच्या भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. काम मध्यावर आणि नळ कोरडा, असं झालं की लोक भाग अर्धवट धुतात आणि तसेच पुढच्या द्रवात टाकतात. दोन बादल्या भरलेल्या असल्याशिवाय ब्लीचचं झाकण उघडू नका. शेवटच्या धुण्यासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी अर्धा लिटर वेगळं ठेवा. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर भागांवर राहतात आणि चकचकीत रंगाखाली ते दिसतात.

५. फ्रेमचा तुकडा आधी

या कामातली सगळ्यात उपयोगी सवय हीच, आणि नेमकी तीच लोक टाळतात. ज्या फ्रेमवर भाग आहेत त्या फ्रेमवरही तोच मुलामा आहे. तिचा दोन-तीन सेंटिमीटरचा रिकामा तुकडा कापा आणि सगळ्या टप्प्यांतून तो आधी पार करा: ब्लीच, धुणं, अल्कोहोल, धुणं, वाळवणं. प्रत्येक वेळ वहीत लिहा. एका कंपनीच्या दोन किटमध्येसुद्धा वेळा वेगळ्या निघतात. एका जुन्या किटचा मुलामा माझ्या डोळ्यांदेखत सहा मिनिटांत गेला, तर नव्या किटला रात्र लागली.

तुकडा दुसऱ्या दिवशी हाताने वाकवून बघा. सहज वाकला, पांढरा पडला पण ताडकन तुटला नाही, तर प्लास्टिक ठीक आहे.

भाग फ्रेमवरून तोडू नका. फ्रेम डब्यात मावत नसेल तर कटरने तिचे तुकडे करा, पण प्रत्येक तुकड्यावर नंबराची पट्टी राहील असे. सुटे बारीक भाग एकदा पाण्यात गेले की डावा आरसा कोणता आणि उजवा कोणता हे ओळखण्यात संध्याकाळ जाते. शिवाय फ्रेमला धरून भाग घासता येतो, नाजूक दांडी बोटांत धरावी लागत नाही.

६. चंदेरी थर उतरवणं

भाग आधी कोमट पाण्यात साबणाने घासून धुवा. बोटांचा तेलकटपणा असला तर मुलामा ठिपक्या-ठिपक्यांत उतरतो.

सोनेरी, लाल, निळसर असे रंगीत मुलाम्याचे भाग असतील तर त्यांना आधी अल्कोहोलमध्ये अर्धा तास ठेवा. वरचा रंगीत थर मऊ पडतो, ब्रशने निघतो, आणि खालून साधी चांदी वर येते. मग भाग भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र आले की क्लोरोफॉर्मसारखी घातक द्रव्यं तयार होऊ शकतात. भागाच्या खाचेत अल्कोहोलचा थेंबही उरता कामा नये.

आता चष्मा आणि हातमोजे घाला. डब्यात भाग ठेवा आणि बुडतील इतकं ब्लीच ओता. पाणी घालायची गरज नाही. घरगुती ब्लीच मुळातच पातळ असतं. भाग तरंगत असतील तर वर प्लास्टिकची गाळणी उलटी ठेवा. झाकण सैल ठेवा, घट्ट लावू नका.

ताजं ब्लीच असेल तर पाच-दहा मिनिटांत कडांपासून चांदी विरायला लागते. आधी टोकं आणि उंचवटे मोकळे होतात, मग सपाट भाग, आणि सगळ्यात शेवटी खाचा. डबा अधूनमधून हलवा. खाचेत हवेचा बुडबुडा अडकला तर तिथली चांदी तशीच राहते, तो दातकोरणीने मोकळा करा. तासाभरात बहुतेक भाग मोकळे होतात. हट्टी असतील तर रात्रभर ठेवता येतात, पण दर दोन-तीन तासांनी एकदा बघून या.

काम लवकर व्हावं म्हणून डबा उन्हात ठेवू नका किंवा ब्लीच गरम करू नका. ब्लीच तापलं की भागांवर काम करण्याआधी स्वतःच मरतं, आणि वास मात्र दुप्पट सुटतो.

तपासा: भाग ट्यूबलाइटखाली तिरका धरा. कुठे आरशासारखा डाग दिसतो का? नसेल तर चांदी गेली. पण भाग अजून चमकतोय ना? ओला नसतानाही मधासारखी किंवा काचेसारखी चमक आहे ना? ते वार्निश आहे. इथेच भाच्याने "गेला क्रोम!" म्हणून रंग मारला होता.

*ब्लीच चालतच नसेल तर.* वरचा पारदर्शक थर जाड असला की असं होतं. आधी ब्लीचचा वास जाईपर्यंत भाग धुऊन वाळवा, मग अल्कोहोलचा अर्धा तास देऊन, पुन्हा धुऊन, वाळवून परत प्रयत्न करा. तरीही नाही, तरच कॉस्टिक. अर्धा लिटर थंड पाण्यात १० ते १५ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. पाण्यात कॉस्टिक घालायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. विरघळताना ते तापतं आणि उलट केलं तर उसळून अंगावर येतं. हळूहळू घाला, लाकडी काडीने ढवळा, पूर्ण थंड होऊ द्या, मग भाग सोडा. भागांवर बारीक बुडबुडे दिसतील आणि काही मिनिटांतच चांदी जाईल. नाली साफ करायची पावडर यासाठी वापरू नका. काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात, त्या पाण्यात पडताच उकळतात.

इशारा: कॉस्टिक कातडीवर पडला तर लगेच दुखत नाही, आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं. ते जाणवलं की काम सोडून वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं हात धरा. डोळ्यात गेला तर तसंच पाणी मारत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा. मुलांना या टप्प्यावर बसवू नका. भाच्याला मी पुढचं घासायचं काम दिलं, हे नाही.

७. मधलं धुणं

दिसायला क्षुल्लक, पण हा टप्पा गाळला तर पुढचा धोक्याचा होतो. गाळणीत भाग ठेवून एका बादलीच्या पाण्यात तीन वेळा खंगाळा, मग दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पोकळ भागांच्या आतलं पाणी झटकून काढा. मग कोरड्या कापडावर सावलीत पूर्ण वाळवा. उन्हात ठेवू नका. मे महिन्यात गच्चीच्या फरशीवर पातळ बम्पर तासाभरात वाकडा होतो.

तपासा: भाग नाकाजवळ आणा. ब्लीचचा वास येतोय? पुन्हा धुवा. वास गेल्याशिवाय अल्कोहोलचा डबा जवळ आणायचा नाही.

वापरलेलं ब्लीच मूळ बाटलीत परत ओतू नका, मरत आलेलं ब्लीच चांगल्यालाही खराब करतं. अंगणातल्या नालीत किंवा गच्चीच्या निचऱ्यात एक बादली पाण्याबरोबर ओता. ॲसिड टाकलेल्या संडासात नाही.

८. वार्निश उतरवणं

आता खरं काम. घाई सोडून बसा, गाणी लावा, उजेड चांगला घ्या.

भाग दुसऱ्या, कोरड्या डब्यात अल्कोहोलमध्ये बुडवा आणि झाकण लावा. अल्कोहोल उडून जातं आणि त्याची वाफ पेट घेते. १२ अंशांच्या आसपासच त्याची वाफ पेट घेण्याइतकी सुटते, म्हणजे इंदूरच्या थंडीतसुद्धा, उन्हाळ्यात तर विचारूच नका. देवघरातलं निरांजन, गॅस, सिगारेट, ठिणगी उडणारा कूलरचा स्विच यांपासून दूर बसा.

दोन तासांनी एक भाग बाहेर काढा आणि टूथब्रशने घासा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

वार्निश मऊ होऊन पातळ पापुद्र्यांसारखं गोळा होईल. हे उत्तम. एका दिशेने घासत राहा आणि मध्येमध्ये ब्रश स्वच्छ अल्कोहोलमध्ये बुडवा. ब्रश धुतला नाही तर उतरलेलं वार्निश शेजारच्या भागावर पुन्हा लिंपलं जातं.

किंवा वार्निश चिकट होईल, बोटाला ओढल्यासारखं लागेल. म्हणजे अर्धं मुरलंय. भाग परत बुडवा, रात्रभर राहू द्या.

किंवा काहीच होणार नाही. तेव्हा भाग चोवीस तासांपर्यंत ठेवा आणि दर काही तासांनी घासून बघा. फ्रेमचा तुकडा त्याच डब्यात ठेवा आणि आधी त्याच्यावर जोर लावा. चोवीस तासांनीही वार्निश पक्कं असेल, खरवडूनही निघत नसेल, तर ते प्लास्टिकशी घट्ट बसलंय. अशा वेळी मी ते उतरवायचा हट्ट सोडतो, १०००च्या ओल्या पॉलिश पेपरने त्याची चमक मारतो आणि आधी तुकड्यावर प्रायमर मारून सुरकुती येते का ते बघतो. घट्ट बसलेलं वार्निश हा चांगला पाया ठरतो. नुकसान करतं ते अर्धवट सुटलेलं वार्निश.

काही जण या टप्प्याला गाडीचं ब्रेक ऑइल वापरतात. त्याने काम होतं, पण ते त्वचेला आणि नालीला वाईट, धुवायला चिवट, आणि काही प्लास्टिक त्यात ठिसूळ होतं. आयसोप्रोपाइल हाताशी असताना मी त्याच्या वाटेला जात नाही.

खाचांना वेळ द्या. ग्रिलच्या जाळीत, चाकाच्या आऱ्यांच्या मुळाशी, नंबरप्लेटच्या चौकटीच्या कोपऱ्यांत वार्निश सगळ्यात जाड साठतं, कारण ओलं असताना ते तिथेच ओघळून जमतं. दातकोरणीचं टोक अल्कोहोलमध्ये भिजवून दाबा, म्हणजे त्याचा ब्रश होतो. मग एकेका चौकोनातून फिरवा. सुई किंवा ब्लेडचं टोक घालू नका. मऊ झालेल्या वार्निशखालच्या प्लास्टिकवर ओरखडा पडतो आणि तो रंगाखाली दुपटीने दिसतो. भाच्याच्या बम्परवर चौदा चौकोनांची जाळी होती. त्याने एका दुपारी चौदाही चौकोन मोकळे केले, आणि किटमधली नक्षी त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसली. मुलाम्याखाली पट्ट्यांवर स्क्रूची डोकीसुद्धा होती.

तपासा: वाळलेल्या भागावर कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवा. काडी सरकते का अडखळते? अडखळली, ओढली गेली, तर तिथे अजून वार्निश आहे. भाग आता सगळीकडे सारखा निस्तेज दिसायला हवा: पांढरा, करडा किंवा काळा, प्लास्टिकचा जो असेल तो. अर्धा निस्तेज, अर्धा काचेसारखा असेल तर अजून काम बाकी आहे.

९. धुणं, रेघा, डाग

साबणाच्या कोमट पाण्याने एकदा, साध्या पाण्याने दोनदा, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने. इथून पुढे हातमोज्यांनीच धरा.

आता साच्याच्या रेघा काढा. ब्लेडची धार आडवी धरून हलकं खरवडा, मग ६००, ८००, १०००चा पॉलिश पेपर, आमच्याकडे रेजमाल म्हणतात तो, पाण्यात भिजवून वापरा. जाड भागांच्या मागे प्लास्टिक आत ओढून पडलेले खड्डे मुलाम्याच्या चकाकीत दिसत नव्हते, ते आता दिसतील. पुट्टीने भरा. हे सगळं उघड्या प्लास्टिकवर नीट बसतं, आणि मुळात क्रोम उतरवायचं कारणच हे होतं.

१०. रंगापूर्वी

भाग झाकणाच्या डब्यात चोवीस तास ठेवा, धूळ बसू देऊ नका. मग प्रायमरचा अगदी पातळ हात, एकच. पुन्हा चोवीस तास थांबा. परत चकचकीत क्रोम हवा असेल तर प्रायमरवर चकचकीत काळा रंग आरशासारखा वाळवा आणि मगच धातूचा रंग द्या. धातूच्या रंगाची चमक त्याच्याखालच्या काळ्याच्या गुळगुळीतपणावर ठरते. पण ते या लेखाचं काम नाही.

प्रायमरच्या त्या पहिल्या हातावर भिंग घेऊन नजर फिरवा, विशेषतः कोपऱ्यांत. सुरकुती, माशाच्या डोळ्यासारखा गोल ठिपका किंवा उचललेली कड दिसली तर तिच्यावर दुसरा हात मारून झाकू नका. प्रायमर पूर्ण वाळलेला नसेल तर तो बहुतेक वेळा त्याच अल्कोहोलमध्ये निघतो. भाग आठव्या टप्प्यावर परत न्या. ब्लीचकडे जायची गरज नाही, चांदी तर केव्हाच गेली आहे.